कार्यकारणभाव (समष्टी अर्थशास्त्र)

देशाच्या अर्थव्यवहारात एका बदलामुळे दुसरा घडला, की दोन्ही तिसऱ्याच कशाने घडले, याचा आकडेवारीवरून घेतलेला शोध. मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवला आणि मागोमाग महागाई वाढली, तर दोष दराचाच असे नाही. महागाईची चाहूल लागली म्हणूनही दर वाढवलेला असतो. तो वाढवला नसता तर काय झाले असते, हे पाहायला दुसरा देश मिळत नाही.

बडोद्याच्या दांडिया बाजारात ही अडचण डोळ्यांना दिसते. दिवाळीच्या आधीच दुकानांत पोहे, डाळं, बेसन येऊन पडते. माल आधी, सण नंतर. तरी मालामुळे दिवाळी आली असे कोणी म्हणत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असाही हा प्रकार नव्हे. दुकानदाराला सण पुढे दिसतो, म्हणून तो आधी हलतो.

बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेत शिकायला गेलेल्या डॉ. आंबेडकरांचा १९२३ चा रुपयावरील ग्रंथ याच जातीचा आहे. विनिमयदर घसरणे हे लक्षण. रुपयाची घटलेली क्रयशक्ती हे कारण, असे त्यांचे प्रतिपादन.

अर्थशास्त्रज्ञ क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये कसोटी दिली : काळानुसार नोंदलेल्या एका मालिकेच्या मागच्या आकड्यांनी दुसरीचा अंदाज सुधारतो का? नाव कारणाचे, काम अंदाजाचे. मालावरून दिवाळीचा अंदाज येतो, म्हणून दांडिया बाजारात ती फसेल.

अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर सिम्स (जन्म १९४२) यांची कारकीर्द या कसोटीभोवतीच घडली. हार्वर्डमधून ते १९७० मध्ये मिनेसोटा विद्यापीठात आले. पैशाच्या पुरवठ्याने उत्पन्न हलते, उलट नाही, असा निष्कर्ष त्यांनी १९७२ मध्ये काढला. पैशाचा पुरवठाच अर्थव्यवहार हलवतो असे मानणाऱ्या मौद्रिकवाद्यांना तो आवडला. १९८० मध्ये त्यांनीच गणितात व्याजदर घातला, आणि पैशाचा प्रभाव बराचसा विरला. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष असा स्वतःच उसवणारे थोडे. त्याच वर्षी, कोणते चलपद (व्याजदर, महागाई यांसारखी बदलती राशी) कोणत्या समीकरणातून वगळायचे हे मनानेच ठरवणाऱ्या, अर्थव्यवस्थेच्या मोठ्या गणिती प्रतिमानांवर त्यांनी टीका केली आणि ‘व्हेक्टर ऑटोरिग्रेशन’ सुचवले : प्रत्येक चलपद स्वतःच्या आणि इतरांच्या भूतकाळाशी जोडायचे, मग एकाला धक्का देऊन बाकीची कशी हलतात ते पाहायचे. २०११ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना थॉमस सार्जंट यांच्यासह मिळाले.

तरी एकाच तिमाहीत आलेल्या धक्क्यांपैकी आधी कोणता धरायचा, हे संशोधकालाच ठरवावे लागते. भारतीय मासिक आकड्यांत तर दिवाळीच कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात येते. तेवढी दुरुस्ती आधी करावी लागते.