फोल्डर काढून ठेवलाय की काढून टाकलाय?

परवा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकांचा फोन आला, आवाज एकदम पडलेला. "अरे, ऑडिटचे सगळे मेल गेले. आणि रविवारी तूच येऊन साफसफाई करून गेला होतास." आता साफसफाई मी केली होती हे खरंय. त्यांच्या थंडरबर्डमध्ये, म्हणजे पीसीवर मेल बघायच्या प्रोग्रॅममध्ये, डाव्या बाजूला फोल्डरांची अशी रांग लागली होती की खालपर्यंत जायला माउसचं चाक फिरवून फिरवून बोट दुखायचं, ऑडिट १४-१५, ऑडिट १४-१५ फायनल, ऑडिट फायनल फायनल, सोसायटी पाणी, सोसायटी पाणी जुनं, गणपती वर्गणी, आणि एकाचं नाव तर नुसतं "बघू". पण मी एकही मेल डिलीट केला नव्हता हो! मी फक्त फोल्डरांसमोरच्या टिका काढल्या होत्या. म्हणजे फोल्डर काढून ठेवले होते, काकांना वाटलं काढून टाकले.

आणि त्यांचं चुकलं असंही नाही, कारण स्क्रीनवर दोन्हीचं दिसणं सेम टू सेम. आधी फोल्डर होता, आता नाहीये, बस. वर आपल्या मराठीत "काढ" म्हटलं की काहीही होतं, लोणचं काढ म्हणजे आण, चपला काढ म्हणजे बाजूला ठेव, आणि तो जुना कॅलेंडर काढ म्हणजे सरळ रद्दीत. काकांनी रविवारी मला एवढंच सांगितलं होतं, "ते जुनंपानं काढ रे जरा".

तर मेलमध्ये हे दोन प्रकार आहेत. एक अनसबस्क्राइब, एक डिलीट.

काका लहानपणी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत पडीक असायचे, म्हणून फोनवर त्यांना तिथूनच समजावलं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन माणसाला आणून ती लायब्ररी उभी केली, आत लोखंडी कपाटं आणि काचेची जमीन, ती बघायला आम्ही शाळेतून गेलोय. तर समजा कार्डांच्या ड्रॉवरमधून तुम्ही एका पुस्तकाचं कार्ड काढून खिशात घातलंत. पुस्तक कपाटातच आहे, पान न् पान शाबूत, फक्त ड्रॉवर चाळणाऱ्याला ते सापडणार नाही. हे झालं अनसबस्क्राइब. आणि डिलीट म्हणजे कार्ड राहू दे नाहीतर जाऊ दे, कपाटातलं पुस्तकच उचलून लगद्याला दिलं. काका म्हणाले, "मग माझं पुस्तक कपाटात आहे ना?" आहे. तेव्हा कुठे आवाज जरा वर आला.

आता ही कार्डं नेमकी असतात कुठे, सगळी गंमत तिथे आहे. बहुतेकांना वाटतं की ही आपल्या कॉम्प्युटरवरची सेटिंग, म्हणजे घरच्या पीसीवर लपवलं तर घरच्याच पीसीवर लपेल. नाही. आपले मेल ज्या पद्धतीने चालतात ती आयमॅप, मार्क क्रिस्पिन नावाच्या माणसाने स्टॅनफर्डला १९८६ साली बनवलेली, आणि तिचा मुद्दाच असा की मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल सांभाळणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर राहणार आणि तुम्ही कुठूनही बसून तेच बघणार. मेल जसे सर्व्हरवर, तशीच कोणते फोल्डर दाखवायचे ती यादीपण सर्व्हरवर. डव्हकॉट नावाचं सर्व्हरचं सॉफ्टवेअर बऱ्याच होस्टिंगवाल्यांकडे असतं, त्यात तर ही यादी म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल असते, एका ओळीवर एक फोल्डरचं नाव, संपलं. अनसबस्क्राइब केलं की त्या फाइलमधली एक ओळ जाते. मेलला कोणी हातही लावत नाही.

म्हणून काकांचा घोळ असा झाला की मी रविवारी घरी थंडरबर्डमध्ये टिका काढल्या, आणि सोमवारी काका ज्या संस्थेचे हिशेब बघतात तिथे जाऊन त्यांनी ब्राउझरमध्ये राउंडक्यूब नावाचं वेबमेल उघडलं, तर तिथूनही फोल्डर गायब. कारण राउंडक्यूबपण तीच यादी वाचतो. दोन वेगळ्या जागी दोन वेगळ्या मशीनवर नाही म्हटल्यावर कोणालाही वाटणार की गेलं ते गेलं. आणि गंमत बघा, त्यांच्या मोबाइलवर सगळे फोल्डर जसेच्या तसे होते! फोनवरची बरीच मेल ॲप त्या यादीकडे बघतच नाहीत, सर्व्हरला सरळ विचारतात की तुझ्याकडे काय काय आहे ते सगळं दे. काकांनी फोन उघडून बघितला असता तर मला फोन करायची वेळच आली नसती, पण ते फोनवर मेल बघत नाहीत, अक्षर बारीक दिसतं म्हणतात.

तर ही पहिली खूण लक्षात ठेवा, पीसीवर नाही पण फोनवर आहे, म्हणजे बहुतेक नुसतं लपलंय. दुसरी पक्की खूण थंडरबर्डमध्येच आहे. अकाउंटच्या नावावर राइट क्लिक, सबस्क्राइब, की सर्व्हरवर जे जे आहे त्याची लांब यादी येते आणि प्रत्येकासमोर टिकेचा चौकोन. यादीत नाव आहे पण टिक नाही, म्हणजे काढून ठेवलाय, टिक करा, ओके करा, परत येईल. यादीत नावच नाही, रिफ्रेश दाबूनही नाही, तर मग मात्र काढून टाकलाय. टिका काढूनही फोल्डर जात नसेल तर अकाउंट सेटिंगमध्ये सर्व्हरच्या पानावर ॲडव्हान्स्डमध्ये "फक्त सबस्क्राइब केलेले दाखवा" हे चालू आहे का बघा, ते बंद असलं तर तुम्ही कितीही टिका काढा, सगळे फोल्डर समोरच उभे राहतात. आउटलुकमध्येही अशीच एक टिक असते, आयमॅप फोल्डरांच्या खिडकीत खालच्या बाजूला.

अजून एक, आई फोल्डर लपवला आणि आतलं पोर टिकलेलं ठेवलं तर आईचं नाव दिसतच राहतं, पोराला कुठेतरी टांगायला लागतं ना. त्यात काही बिघाड नाही, पोरांच्यापण टिका काढा.

बरं, लपवण्यात सगळं छानच आहे का, तर तसंपण नाही. पहिली गोष्ट, जागा एक केबीने कमी होत नाही. मेलबॉक्स भरला, नव्वद टक्के झाला असा मेसेज येत असेल आणि तुम्ही दहा फोल्डर अनसबस्क्राइब करून खूश झालात तर उद्याही तोच मेसेज येणार. दुसरी गोष्ट जास्त बेकार आहे. सर्व्हरवर फिल्टर लावलेला असेल, की बँकेचे मेल सरळ बँक फोल्डरमध्ये टाक, तर तो फोल्डर लपवल्यावरही मेल तिथे जात राहतात, निमूटपणे. आकडा दिसत नाही, ठळक अक्षर दिसत नाही, तुम्हाला वाटतं आजकाल बँक काही पाठवतच नाही. माझ्या मावसबहिणीचं लॉकरच्या भाड्याचं स्मरणपत्र असंच तीन महिने लपलेल्या फोल्डरमध्ये पडून होतं, मग दंड भरला आणि वर मला ऐकवलं. म्हणून माझा नियम आहे, ज्या फोल्डरमध्ये अजून नवीन काही येतंय तो लपवायचा नाही, लपवायचाच असेल तर आधी त्याचा फिल्टर बंद करा.

मावसबहिणीचाच अजून एक किस्सा, कपड्यांच्या सेलचे मेल यायचे थांबतील म्हणून तिने तो फोल्डर अनसबस्क्राइब केला. शब्द एकच असल्यामुळे झालेला घोळ आहे हा. मेलच्या तळाशी बारीक अक्षरात जे अनसबस्क्राइब असतं ते दुकानाला सांगतं की मला पाठवू नका. फोल्डरचं अनसबस्क्राइब दुकानाला काही सांगत नाही, ते फक्त तुमच्या आणि तुमच्या सर्व्हरच्या मधलं आहे.

आता डिलीट. थंडरबर्डमध्ये फोल्डर डिलीट केला की साधारण तो लगेच मरत नाही, आधी ट्रॅशच्या पोटात जाऊन बसतो, ट्रॅशशेजारी छोटा बाण आला तर तो दाबून बघा, आत आख्खा फोल्डर सापडेल आणि ओढून परत बाहेर आणता येईल. पण सर्व्हर सेटिंगमध्ये बाहेर पडताना ट्रॅश रिकामा करायची टिक असते, ती कोणी हौसेने लावून ठेवली असेल तर प्रोग्रॅम बंद केला की खेळ खलास. आणि हे सर्व्हरवरून जातं, म्हणजे पीसीवरून, फोनवरून, ऑफिसातून, सगळीकडून एकदम. वेबमेलमधून डिलीट करताना तर मधला ट्रॅशचा थांबा असेलच याची खात्री धरू नका, माझं एकदा सगळ्या बिलांचं फोल्डर असं गेलंय आणि होस्टिंगवाल्याकडे बॅकअप मागितला तर तो म्हणाला आमच्याकडे सात दिवसांचाच असतो, आणि मला कळलं होतं दहाव्या दिवशी.

त्यामुळे डिलीट करायचंच असेल तर आधी ते मेल लोकल फोल्डरमध्ये कॉपी करा, कॉपी म्हणतोय, मूव्ह नाही, मूव्ह करताना मधेच नेट गेलं तर कोणतं कुठे आहे ते शोधत बसायला लागतं. कॉपी झाल्यावर नेट बंद करून दोनचार जुने मेल उघडून बघा, अटॅचमेंट उघडते का बघा, मगच सर्व्हरवरचं उडवा. आणि लोकल फोल्डर म्हणजे आता फक्त त्याच हार्ड डिस्कवर आहे हे विसरू नका, ती गेली की ते पण गेलं.

आता जीमेल, कारण इथे वरचं सगळं अर्धं खरं आणि अर्धं उलटं आहे. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं तेव्हापासून त्यात फोल्डर नाहीतच, लेबलं आहेत. मेल एकच, ऑल मेलमध्ये पडलेला, त्याला हवी तितकी लेबलं चिकटवा. परत लायब्ररीत जा, पुस्तक एक, पण लेखकाचं कार्ड वेगळं, विषयाचं वेगळं, नावाचं वेगळं. म्हणून जीमेलमध्ये लेबल डिलीट केलं तर फक्त कार्ड फाटतं, पुस्तक राहतं, मेल ऑल मेलमध्ये सर्च केला की सापडतो. म्हणजे साध्या सर्व्हरवर जी गोष्ट करताना हात थरथरायला पाहिजे ती इथे बिनधास्त करता येते. पण हेच लेबल उघडून, आतलं सगळं सिलेक्ट करून, कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबलं तर ते मेल सगळ्या लेबलांमधून उठून ट्रॅशमध्ये जातात आणि ३० दिवसांनी कायमचे. जीमेलची सवय झालेला माणूस ऑफिसच्या मेलमध्ये येऊन "फोल्डरच तर उडवतोय, मेल कुठे जातायत" म्हणून फोल्डर उडवतो आणि मग रडतो, हे मी एकापेक्षा जास्त वेळा बघितलंय.

जीमेलमध्ये लपवायचेही दोन वेगळे प्रकार आहेत बरं का. सेटिंगमध्ये लेबलांच्या पानावर प्रत्येक लेबलासमोर दाखवा, लपवा, न वाचलेलं असेल तरच दाखवा, असे पर्याय असतात, ते ब्राउझरमधल्या डाव्या पट्टीसाठी. आणि त्याच ओळीत आयमॅपमध्ये दाखवायची एक वेगळी टिक असते, ती थंडरबर्ड आउटलुकवाल्यांसाठी. एक बदललं म्हणून दुसरं बदलत नाही. थंडरबर्डमध्ये ऑल मेल, इम्पॉर्टंट, स्टार्ड असले फोल्डर उगाच जागा अडवत असतील तर ही दुसरी टिक काढा. आणि न वाचलेलं असेल तरच दाखवा हा पर्याय मला फार आवडतो, मावसबहिणीच्या लॉकरवर तोच उपाय होता, म्हणजे तिचा मेल जीमेलवर असता तर.

पॉप ही मेल पीसीवर उतरवून घ्यायची दुसरी पद्धत, ती वापरणाऱ्यांचं थोडक्यात, तिथे सर्व्हरवर फोल्डर नसतातच, सगळं तुमच्या पीसीवर, त्यामुळे टिका काढणं वगैरे नाही, तिथे डिलीट म्हणजे डिलीट.

आणि एक भुताचा प्रकार राहिला. कधीकधी यादीत फोल्डर दिसतो, क्लिक केलं की असा मेलबॉक्सच नाही म्हणून एरर येतो. हे आपल्या गोष्टीच्या बरोब्बर उलट, पुस्तक लगद्यात गेलंय आणि कार्ड ड्रॉवरमध्ये राहिलंय. एखाद्या दुसऱ्या ॲपमधून फोल्डर उडवला पण यादीतली ओळ कोणी काढली नाही की असं होतं, आणि आयमॅपचा नियमच आहे की सर्व्हरने आपल्या मनाने ती ओळ काढायची नाही, फोल्डर उद्या त्याच नावाने परत आला तर. इथे मात्र अनसबस्क्राइब डोळे मिटून करा.

काकांच्या ऑडिटच्या टिका मी फोनवरूनच त्यांच्याकडून परत लावून घेतल्या, एकेक, "लावली", "लावली", "ही दिसत नाही, हां दिसली, लावली". सोसायटीचं पाणी लपलेलंच ठेवलं. शेवटी विचारलं, काका, ते "बघू" नावाचं काय करायचं, काढू? तर म्हणाले, "काढ. म्हणजे उघड."