आधी औषध, मग एन्झाइम: मेथोट्रेक्सेटची पार्श्वभूमी

लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, आजही दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटचा माग काढत गेलं, तर वाट थेट मुंबईत, परळला येते. १९२८ साली लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर इथे आल्या. गिरणगावातल्या गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचं कारण त्या शोधत होत्या. काम हाफकिन संस्थेत चालायचं. यीस्टच्या अर्काने हे रक्त सुधारतं, असं त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट हे ब-गटातलं जीवनसत्त्व, हे कळायला पुढे दहाएक वर्षं गेली.

पेशीचं विभाजन होण्याआधी तिला डीएनएची पूर्ण प्रत काढावी लागते. त्यासाठी लागणारं थायमिन (thymine, डीएनएचा एक घटक; थायामिन हे जीवनसत्त्व नव्हे) तयार होताना फोलेटचं रूप बदलतं आणि ते निकामी होतं. त्याला पुन्हा कामाला लावतं ते डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे एन्झाइम. ते अडवलं की डीएनएचा कच्चा मालच आटतो. सतत विभाजन होणाऱ्या कर्कपेशींना याची झळ जास्त बसते. अर्थात अस्थिमज्जा, तोंडाचं अस्तर आणि केसांची मुळंही सुटत नाहीत.

यातलं फारसं काही ठाऊक नसताना बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फोलेटवर्गातली द्रव्यं दिली. आजार उलट बळावतोय असं त्यांना दिसलं. आजची नीतिसमिती असला प्रयोग क्वचितच मंजूर करील. पण त्या धक्क्यातूनच फोलेटची नक्कल, म्हणजे त्याच्यासारखं दिसून त्याचं काम अडवणारं द्रव्य, वापरून पाहायची कल्पना पुढे आली. ती नक्कल, अमिनोप्टेरिन, लेडर्ली या अमेरिकी औषध कंपनीतून आली. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ च्या निबंधात फार्बर यांनी लिहिलं, की १६ पैकी १० मुलांना उतार पडला. तो टिकला मात्र नाही.

अमिनोप्टेरिनचं भावंड असलेल्या मेथोट्रेक्सेटने १९५६ मध्ये कोरिओकार्सिनोमा, म्हणजे वारेच्या पेशींचा कर्करोग, आटोक्यात आणला. मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांचं ते काम. ही औषधं नेमकी डायहायड्रोफोलेट रिडक्टेज याच एन्झाइमला जखडतात, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालं ते १९५८ मध्ये, फार्बर यांच्या निबंधानंतर दहा वर्षांनी.

मग उतार का टिकत नाही? एक उत्तर १९७८ मध्ये स्टॅनफर्डच्या रॉबर्ट शिम्की यांच्या गटाला मिळालं. औषधाला दाद न देणाऱ्या पेशींनी या एन्झाइमच्या जनुकाच्या ढिगाने प्रती करून ठेवल्या होत्या. एन्झाइमच इतकं जास्त, की औषध अपुरं पडे. ल्युकेमियात मेथोट्रेक्सेट एकटं दिलं जात नाही, त्यामागे अशा पळवाटाही आहेत. उपचाराच्या लांबलेल्या शेवटच्या टप्प्यात त्याच्या जोडीला मर्कॅप्टोप्युरिन असतं आणि ते डीएनएच्या दुसऱ्या घटकांवर, प्युरिनांवर, घाव घालतं.