एसएसडी दिसते, मग संगणक सुरू का होत नाही?

गेल्या पावसाळ्यात घरच्या संगणकातील जुनी हार्ड डिस्क कटकट आवाज करू लागली, म्हणून ती काढून टाकली. विंडोज त्याआधी सहा-सात महिने नव्या एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर) चालू होते आणि जुनी डिस्क केवळ छायाचित्रे व जुन्या फायली ठेवण्यापुरती उरली होती. तेव्हा ती काढल्याने काही बिघडेल अशी शंका येण्याचे कारणच नव्हते. कॅबिनेटचे झाकण लावून बटण दाबले, पंखे फिरले, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’, म्हणजे संगणक जिच्यावरून सुरू होईल अशी योग्य डिस्क निवडा, अशी ओळ उमटली. एका दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर त्याने संगणक न पाहताच निदान केले: ‘एसएसडी उडाली, नवी टाका.’

एसएसडी उडालेली नव्हती. तिच्यावरील विंडोज, कागदपत्रे, सारे जागच्या जागी होते. हरवला होता तो त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा पत्ता, आणि तो मी स्वतःच जुन्या डिस्कबरोबर काढून टेबलावर ठेवला होता.

हे कसे घडले ते समजण्यासाठी बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांकडे पाहावे लागते. त्या क्षणी प्रोसेसरला विंडोज किंवा लिनक्स यांचा गंधही नसतो. मदरबोर्डवरील एका छोट्या चिपमध्ये कायमचा लिहिलेला प्रोग्राम तो आधी चालवतो, आणि पुढे काय करायचे ते हा प्रोग्राम ठरवतो. आपण सवयीने याला बायोस म्हणतो, पण गेल्या दहा-बारा वर्षांतील बहुतेक संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. जुन्या बायोसचे काम सरधोपट असे. डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचायचे, त्यांतील शेवटच्या २ बाइटांवर ठरलेली खूण आहे का ते पाहायचे, आणि असेल तर सुरुवातीच्या ४४६ बाइटांतील सूचना डोळे झाकून चालवायच्या. मधले ६४ बाइट म्हणजे डिस्कच्या चार विभागांची यादी. यूईएफआय असे करत नाही. तो डिस्कवर फॅट-३२ पद्धतीचा एक वेगळा, लहानसा विभाग शोधतो. विंडोजने स्वतः केलेला असा विभाग बहुधा १०० एमबीचा असतो आणि तो एरवी आपल्याला दिसतही नाही. प्रत्यक्ष विंडोज सुरू करून देणारी फाइल याच ईएफआय विभागात असते. ‘अमुक डिस्कच्या अमुक विभागातील अमुक फाइल’ अशी नोंद मदरबोर्ड स्वतःच्या स्मृतीत ठेवतो, आणि तीत विभागाचा एकमेव ओळखक्रमांकही असतो.

आता गोम अशी की, संगणकात आधीपासून एखाद्या डिस्कवर ईएफआय विभाग असेल, तर विंडोज नव्या एसएसडीवर बसवताना इन्स्टॉलर बहुतेक वेळा दुसरा विभाग करत नाही. जुन्याच विभागात आपल्या फायली टाकून मोकळा होतो. त्यामुळे विंडोज एसएसडीवर आणि त्याचे दार हार्ड डिस्कवर, असा संसार महिनोन् महिने कोणाच्या लक्षात न येता सुखाने चालतो. मी जुनी डिस्क परत जोडून पाहिली, तेव्हा विंडोज निमूटपणे सुरू झाले, आणि निदान तिथेच झाले. आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून घेतली आणि जुनी डिस्क पुन्हा सोडवली. मग विंडोज बसवण्याच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ-१० ही बटणे एकत्र दाबून आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडली, डिस्कचे विभाग करणाऱ्या ‘डिस्कपार्ट’च्या साहाय्याने एसएसडीवरील विंडोजच्या विभागातून ३०० एमबी जागा सोडवून तिथे ईएफआय विभाग तयार केला, तो फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केला, आणि शेवटी विंडोज सुरू करून देणाऱ्या फायली नव्याने लिहिणाऱ्या ‘बीसीडीबूट’ या आज्ञेला विंडोजचे फोल्डर व हा नवा विभाग दाखवून दिला. सारे मिळून दहा मिनिटांचे काम. मात्र पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, नेहमीचा ‘सी’ तिथे ‘डी’ किंवा ‘ई’ म्हणून दिसतो. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी विभागांची यादी काढून, आकारावरून कोणता कोणता ते ओळखून घ्यावे. इथली घाई महागात पडते.

तेव्हा एसएसडीवरून संगणक सुरू होत नसेल, तर पहिला प्रश्न एकच विचारावा: मदरबोर्डला ती दिसते का? संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसच्या पडद्यावर जावे आणि एसएसडीचे नाव व क्षमता कुठे दिसते का ते पाहावे. इथे अनेकांची फसगत होते, कारण तिथे दोन याद्या असतात. एक जोडलेल्या साधनांची, दुसरी बूट होऊ शकणाऱ्यांची, म्हणजे ज्यांच्यावरून संगणक सुरू होऊ शकतो त्यांची. कोरी किंवा पत्ता हरवलेली एसएसडी पहिल्या यादीत असते आणि दुसरीत नसते. लोक दुसरी यादी पाहून कपाळाला हात लावतात.

पहिल्या यादीत नाव असेल, तर दोष बहुधा पत्त्याचा किंवा पद्धतीचा असतो. जुन्या बायोसच्या पद्धतीने विभागलेली डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन केली, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल उतरवली, आणि मदरबोर्ड मात्र फक्त यूईएफआय जाणणारा असेल, तर दोघांची भाषाच जुळत नाही. यासाठी विंडोजमध्ये २०१७ पासून ‘एमबीआरटूजीपीटी’ नावाचे साधन आहे. ते फायली न पुसता विभागांची जुनी यादी नव्या पद्धतीची करून देते. क्लोन करताना केवळ ‘सी’ ड्राइव्ह उचलला आणि ईएफआय विभाग मागे राहिला, हा प्रकारही नेहमीचा. कधी दोष आणखी क्षुल्लक असतो. मदरबोर्डवरील रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी ३ व्होल्टची गोल बॅटरी संपली, की सारी सेटिंग्ज कारखान्यातल्यासारखी होतात. त्यात साटा या डिस्क जोडण्याच्या पद्धतीचा प्रकार ‘रेड’वरून (अनेक डिस्का एकत्र चालवण्याचा) ‘एएचसीआय’वर (नेहमीचा) किंवा उलट गेला, तर विंडोज अर्ध्यापर्यंत येते आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे सांगून निळ्या पडद्यावर थांबते. या सेटिंग्जना हात लावण्यापूर्वी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणारे विंडोजमधील कुलूप, चालू आहे का ते मात्र पाहावे, कारण बदल झाल्याचे जाणवताच तो ४८ अंकी किल्ली मागू शकतो, आणि ती जवळ नसेल तर सुस्थितीतील एसएसडीही आपल्यासाठी बंद पेटीच ठरते.

नावच दिसत नसेल, तर आधी हातांनी तपासण्याच्या गोष्टी पाहाव्यात. हल्लीच्या एम.२ प्रकारच्या पट्ट्या २२ मिलीमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलीमीटर लांब असतात. त्यांतील साटा आणि त्याहून वेगवान एनव्हीएमई हे दोन प्रकार वरवर सारखे दिसतात, पण काही मदरबोर्डांच्या खाचेत एकच प्रकार चालतो. पट्टी तिरकी बसते, दाबून आडवी करावी लागते आणि टोकाला इवलासा स्क्रू असतो. तो न लावल्यामुळे पट्टी अर्धा मिलीमीटर बाहेर सरकली, एवढ्याने संगणक अडल्याची उदाहरणे आहेत. साधारण २०१४ पूर्वीच्या बहुतेक मदरबोर्डांचे वेगळेच दुखणे आहे. त्यांच्या बायोसला एनव्हीएमई ठाऊकच नसते, त्यामुळे जोडपट्टीवर (ॲडॉप्टरवर) लावलेली एसएसडी विंडोज सुरू झाल्यावर छान दिसते, पण तिच्यावरून विंडोज सुरू करता येत नाही. उलट २०२० नंतरच्या अनेक इंटेल लॅपटॉपांत बायोसला एसएसडी दिसते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नाही, कारण मध्ये व्हीएमडी नावाची यंत्रणा असते. तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, पेनड्राइव्हवर टाकून दिला, की एसएसडी प्रकट होते.

हे सारे करूनही ती दिसली नाही, तर मग एसएसडीच्या पोटात डोकवावे लागते, आणि गंमत म्हणजे तिथेही बऱ्याचदा पत्ताच हरवलेला असतो. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये मांडलेली नँड फ्लॅश स्मृती एसएसडीत असते, आणि ती इलेक्ट्रॉन कोंडून माहिती साठवते. तिच्यात लिहिणे लहान पानांत होते, पण पुसणे शेकडो पानांच्या आख्ख्या गठ्ठ्यातच करता येते, आणि न पुसता पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून फाइल बदलली, की एसएसडीतील कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, नवी प्रत भलत्याच जागी लिहितो आणि जुनी जागा नंतर सवडीने पुसतो. संगणक ‘क्रमांक ५०० वरची माहिती दे’ म्हणतो, तेव्हा ती खरोखर कुठे आहे हे एका नकाशावरून ठरते. १ टीबीच्या एसएसडीत ४ केबीचा एक तुकडा धरला, तर सुमारे २४ कोटी तुकडे होतात. प्रत्येकाच्या पत्त्याला ४ बाइट लागले, तरी नकाशाच १ जीबीच्या घरात जातो. तो सतत बदलत असतो आणि चालू असताना त्याचा मोठा भाग तात्पुरत्या स्मृतीत असू शकतो. ऐन अशा वेळी वीज गेली, तर नकाशा अर्धवट राहतो. मोठ्या सर्व्हरच्या एसएसडींत यासाठी काही क्षण वीज पुरवणारे कपॅसिटर असतात. घरगुती एसएसडींत बहुधा नसतात.

पुन्हा वीज मिळाल्यावर कंट्रोलर विखुरलेल्या नोंदींवरून नकाशा जुळवू लागतो, पण त्याला वेळ लागतो आणि मदरबोर्ड तेवढा थांबत नाही. म्हणून काही उत्पादकच सुचवतात तो उपाय वरकरणी अघोरी वाटला, तरी त्यात तथ्य आहे: साटा एसएसडीची माहितीची केबल काढून केवळ विजेची जोडणी ठेवावी, किंवा लॅपटॉप नुसता बायोसच्या पडद्यावर उभा ठेवावा, वीस-तीस मिनिटे वाट पाहावी, अर्धा मिनिट वीज तोडावी आणि हेच पुन्हा करावे. कधीकधी एसएसडी खरेच परत येते. आल्यावर पहिले काम फायलींची प्रत काढण्याचे. विंडोजचे कौतुक नंतर.

नकाशा सांभाळणाऱ्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे एसएसडीच्या आत बसवलेल्या प्रोग्राममध्येच, चूक असेल, तर वाट पाहूनही उपयोग होत नाही. २०११ मध्ये इंटेलच्या ३२० मालिकेतील काही एसएसडी वीज अचानक गेल्यावर आपली क्षमता अवघी ८ एमबी असल्याचे सांगू लागल्या, आणि त्याच वर्षी इंटेलला सुधारित फर्मवेअर द्यावे लागले. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने आपल्या ग्राहकांना कळवले की, सर्व्हरसाठीच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील. म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. ही संख्या २ चा १५ वा घात आहे. ऋण-धन मोजणाऱ्या १६ बिटांच्या गणकात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही, तेव्हा संशय कुठे जातो ते वेगळे सांगायला नको. एकाच दिवशी बसवलेल्या एसएसडी एकाच वेळी जाणार असल्याने, एक गेली तर दुसरी आहे, ही रेडची सारी तटबंदीही तिथे निरुपयोगी होती. वेळेवर फर्मवेअर बदलले तरच त्या वाचणार होत्या. बंद पडल्यावर एसएसडीही गेली आणि तिच्यावरील माहितीही.

एसएसडी अधूनमधून दिसत असेल आणि तिच्यावर एकुलत्या एक फायली असतील, तर नव्याने विंडोज टाकून पाहण्याचा मोह आवरावा. हार्ड डिस्क झटपट फॉरमॅट केली, तरी जुनी माहिती तबकडीवर तशीच राहते आणि बऱ्याचदा परत मिळवता येते. एसएसडीवर मात्र फॉरमॅट होताच विंडोज ‘ट्रिम’ ही आज्ञा पाठवून या जागा आता नको आहेत असे कळवते, कंट्रोलर त्या नकाशातून काढून टाकतो, आणि नंतर कोणी विचारले तर बहुतेक एसएसडी नुसती शून्ये दाखवतात. चिपा उपसून थेट वाचण्याचा मार्गही पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही, कारण हल्लीचे अनेक कंट्रोलर प्रत्येक बाइट कूटबद्ध करूनच साठवतात आणि त्याची किल्ली त्याच मुक्या झालेल्या एसएसडीत असते.