दहा जीबीचं फोल्डर, जे दहा जीबीचं नाहीच

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि जुना लॅपटॉप अजून वर्ष-दोन वर्ष कसा ओढायचा याचे सल्ले देणाऱ्यांना चांगले दिवस आले. त्यातला एक सल्ला ठरलेला असतो: सी ड्राइव्ह लाल झालाय ना, मग विंडोजच्या फोल्डरमधे विनएसएक्सएस नावाचं फोल्डर आहे, राइट क्लिक करून साइज बघा, आठ-दहा जीबी दिसेल, सगळा जुना कचरा आहे, उडवा. साइज खरंच तेवढी दिसते, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पण तो आकडाच फसवा आहे, आणि का फसवा आहे हे मला विंडोजमधल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितोय.

आपण समजतो की फाइल फोल्डरच्या 'आत' असते. एनटीएफएसमधे (विंडोजच्या डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) तसं नसतं. डिस्कवर मास्टर फाइल टेबल, म्हणजे एमएफटी, नावाची एक मोठी वही असते आणि प्रत्येक फाइलची त्यात एक नोंद असते, साधारण 1024 बाइटची. फाइलचा डेटा डिस्कवर कुठून कुठपर्यंत पसरलाय ते त्या नोंदीत लिहिलेलं. फोल्डरमधे फक्त नाव असतं, आणि 'अमुक नंबरची नोंद बघा' एवढा इशारा. मग एकाच नोंदीकडे दोन फोल्डरमधून दोन नावांनी इशारा केला तर? चालतं की! याला हार्ड लिंक म्हणतात. यात शॉर्टकटसारखा एक खरा आणि एक नकली असा भेद नसतो, दोन्ही नावं तेवढीच खरी. नोंदीत एक आकडा असतो, सध्या किती नावं आहेत त्याचा. तुम्ही डिलीट केलं की एक नाव जातं आणि तो आकडा एकाने कमी होतो, बस. आकडा शून्य झाला (आणि फाइल कुणी उघडून ठेवलेली नसेल) तरच डिस्कवरची जागा मोकळी होते.

सातबाऱ्यावर एकाच गटाला चार भावांची नावं असतात तसं आहे हे. प्रत्येक भावाच्या नावापुढे अख्खं क्षेत्र धरून बेरीज केली तर गावची जमीन कागदावर चौपट होईल, शिवारात एक गुंठाही वाढणार नाही. फाइल एक्सप्लोरर नेमकी हीच बेरीज करतो, दिसलं नाव की मिळव साइज.

करून बघायचं असेल तर सी ड्राइव्हवर एक नवं फोल्डर करा (पेनड्राइव्हवर नको, तो बहुतेक वेळा फॅट32 किंवा एक्सफॅट असतो आणि तिथे हार्ड लिंक हा प्रकारच नाही), त्यात 1 जीबीचा एखादा व्हिडिओ टाका आणि कमांड प्रॉम्प्टमधून एमकेलिंक ही कमांड एच पर्यायासकट वापरून त्याच व्हिडिओला आणखी तीन नावं द्या. फोल्डरची प्रॉपर्टीज म्हणेल 4 जीबी, ड्राइव्हची मोकळी जागा मात्र होती तेवढीच. आता चारातली कुठलीही तीन नावं डिलीट करा, अगदी पहिलं मूळ नावसुद्धा, व्हिडिओ चौथ्या नावाने मजेत चालेल.

(आवड असलेल्यांसाठी: तो इशारा 64 बिटांचा असतो, त्यातले 48 बिट नोंदीचा नंबर आणि उरलेले 16 बिट ती नोंद कितव्यांदा वापरली जातेय त्याचा अनुक्रमांक, म्हणजे जुनी फाइल जाऊन त्याच नोंदीत नवी फाइल आली तर जुना इशारा चुकून तिच्याकडे जात नाही. डोक्यावरून गेलं तर सोडून द्या, पुढे अडणार नाही.)

आता विनएसएक्सएसकडे. विस्टापासून विंडोजचे सगळे सुटे भाग इथे ठेवले जातात. फोल्डर उघडलं तर प्रोसेसरचा प्रकार, भागाचं नाव, मग जवळजवळ प्रत्येक नावात 31बीएफ3856एडी364ई35 हा तोच तो मंत्र (मायक्रोसॉफ्टच्या डिजिटल किल्लीची खूण आहे ती, व्हायरस नाही) आणि व्हर्जन, अशी हातभर लांब नावं दिसतात. सिस्टिम32 (विंडोज चालताना जिथल्या फाइली वापरतं ते फोल्डर) मधल्या बहुतेक फाइली म्हणजे इथल्याच फाइलींची दुसरी नावं. त्यामुळे हट्टाने फोल्डरची मालकी विंडोजकडून स्वतःकडे घेऊन इथली नावं उडवलीत तरी बहुतेक डेटा सिस्टिम32 च्या नावाखाली जागच्या जागी राहतो. मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावर नमुना आहे, त्यात एक्सप्लोररला दिसणारी साइज 4.98 जीबी, पैकी 4.38 जीबी चालू विंडोजशी सामायिक आणि जुने बॅकअप व बंद ठेवलेली फीचर्स मिळून फक्त 506.90 एमबी! म्हणजे दिसतात पाच जीबी आणि खरोखर हलवता येण्यासारखा जेमतेम अर्धा जीबी.

बरं, जागा मिळाली नाही, पण नुकसान पूर्ण होतं. पुढचा अपडेट याच साठ्यावर बेतून बसतो. एसएफसी स्कॅननाउ (विंडोजच्या फाइली तपासणारी कमांड) चालवल्यावर बिघडलेली फाइल इथूनच दुरुस्त होते. शिवाय काही डीएलएल (प्रोग्रामना लागणाऱ्या सामायिक कोडच्या फाइली) थेट इथूनच लोड होतात, त्या गेल्या की प्रोग्राम 'साइड बाय साइड' असलं काहीतरी पुटपुटून उघडायलाच नकार देतो.

आणि ही फॉरवर्डची अंधश्रद्धा काही नवी नाही. 2002 मधे ईमेल फिरत होता की तुमच्या कॉम्प्युटरमधे टेडी बेअरचं चित्र असलेली एक फाइल आहे, ती व्हायरस आहे, लगेच डिलीट करा आणि सगळ्या मित्रांना कळवा. लोक शोधायचे, टेडी बेअर खरंच सापडायचा, आणि घाबरून उडवायचे. ती विंडोजसोबतच येणारी जावाची साधी फाइल होती, त्या चित्रासकट! यात व्हायरसला काही करावंच लागत नाही, काम आपणच करतो. आजकाल एका क्लिकमधे विंडोज 'हलकं' करणाऱ्या स्क्रिप्ट मिळतात, त्यांच्याबद्दल माझं मत फारसं वेगळं नाही, काय उडवतेय ते वाचता येत नसेल तर चालवू नका.

नको असलेली ॲप्स, तो कँडी क्रश वगैरे, सेटिंग्जमधून खुशाल काढा. ती वेगळी बसवलेली असतात, पायाला धक्का लागत नाही. मोठ्या अपग्रेडनंतरचं विंडोज.ओल्ड (आधीच्या विंडोजची प्रत असलेलं फोल्डर) साधारण 10 दिवसांनी आपोआप जातं. हायबरनेट वापरत नसाल तर पॉवरसीएफजी या कमांडने बंद करा, काही जीबीची एक फाइल तिथल्या तिथे नाहीशी होईल, आणि ती खरी जागा असते.

विनएसएक्सएसचीच सफाई करायची तर डिस्क क्लीनअपमधे सिस्टिम फाइल्सचं बटण दाबून विंडोज अपडेट क्लीनअप निवडा, नाहीतर डिस्म नावाची कमांड आहे, तिचा स्टार्ट-कंपोनंट-क्लीनअप पर्याय वापरा. कुठलं नाव शेवटचं उरलंय आणि कुठलं अजून लागतं हे तिला माहीत असतं, आपल्याला नसतं. विंडोज हेच काम अधूनमधून स्वतःही करतं, फक्त नवा भाग बसल्यावर 30 दिवस थांबून मग जुना काढतं. डिस्म हाताने चालवलंत तर ती 30 दिवसांची वाट बघितली जात नाही. आणि त्यात रीसेट-बेस हा पर्याय जोडलात तर आत्तापर्यंत बसलेले अपडेट परत अनइन्स्टॉल करता येत नाहीत, त्यामुळे कालच अपडेट आलाय आणि प्रिंटर रुसलाय अशा दिवशी ते नको.