उडण्याआधी जमिनीवर: हौशी विमानांतल्या रोटरी इंजिनाची पार्श्वभूमी

विमानासाठीच बनवलेल्या इंजिनाला अमेरिकेत प्रमाणपत्र हवं असेल, तर कारखान्यात १५० तासांची टिकाऊपणाची चाचणी पार करावी लागते. मोटारीचं इंजिन काढून आपल्या हातानं बांधलेल्या विमानात बसवणाऱ्याच्या पाठीशी असं काही नसतं. कारखान्याचं ते काम त्याच्याच अंगावर येतं. माझदाचं रोटरी इंजिन बसवणारे हौशी बांधणीकार उड्डाणाआधी ते जमिनीवर पुन्हा पुन्हा चालवून पाहतात, ते यासाठी.

या इंजिनाचे जनक जर्मनीचे फेलिक्स वँकेल. एनएसयू कंपनीत त्यांचं पहिलं इंजिन फेब्रुवारी १९५७ मध्ये सुरू झालं. तिथल्याच हान्स डिटर पाश्के यांनी रचना सोपी केली: बाहेरचं घर (कवच) स्थिर आणि आत फिरणारा फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, थरथर कमी, वजनाच्या मानानं ताकद भरपूर. विमानवाल्यांचं लक्ष गेलं नसतं तरच नवल! अमेरिकेच्या कर्टिस-राइट कंपनीनं १९५८ मध्येच परवाना घेतला. लॉकहीडच्या ‘क्यू-स्टार’ या आवाज न करता टेहळणी करण्यासाठी बनवलेल्या प्रायोगिक विमानात १९६९ मध्ये त्यांचं १८५ अश्वशक्तीचं इंजिन बसलं. पण या कामातून बाजारात विकलं जाईल असं विमान-इंजिन काही आलं नाही, आणि १९८४ मध्ये कर्टिस-राइटचा रोटरी विभाग जॉन डिअर कंपनीकडे गेला.

तोवर जपानमध्ये माझदानं खरी झुंज दिली होती. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे अपेक्स सील, घराच्या आतल्या भिंतीवर ओरखडे काढत. केनिची यामामोतो यांच्या चमूनं त्या ओरखड्यांना ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’ म्हटलं. कार्बन आणि अॅल्युमिनियमपासून बनवलेल्या सीलनी त्यावर तोडगा निघाला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही मोटार रस्त्यावर आली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर जनरल मोटर्सनं आपला रोटरी प्रकल्प गुंडाळला. माझदा मागे हटली नाही. १९७८ पासूनच्या आरएक्स-७ या मोटारीमुळे अमेरिकेत जुनी रोटरी इंजिनं स्वस्तात मिळू लागली आणि हौशी विमानबांधणीत रोटरीला वाट मिळाली. त्यांत १३बी हे लाडकं: दोन रोटर, १३०८ सीसी.

माझ्या मते या इतिहासातला कळीचा धडा असा की इंजिनाचा गाभा आता बऱ्यापैकी भरवशाचा आहे. दगा देतं ते त्याच्या भोवतीचं सामान. मोटारीत इंजिनाला पूर्ण जोर क्वचितच लावावा लागतो. विमानात चढाईत पूर्ण आणि नंतर तासन् तास पाऊण ताकद लागते. १३बी मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांवर रंगात येतं, तर एवढ्या विमानाच्या प्रोपेलरला साधारण २७०० च्या वर नेता येत नाही. म्हणून मध्ये गिअरबॉक्स आला. इंधनाचे पंप आणि इंजिनाचा कॉम्प्युटर विजेवर चालतात, म्हणजे वीज गेली की इंजिन बंद. हे सगळं ज्यानं त्यानं आपापल्या परीनं जुळवलेलं असतं, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला पूर्ण लागू पडत नाही.

जमिनीवर सगळ्यात छळतं ते तापमान. रोटरीच्या थंडाव्याचा मोठा भार, ढोबळमानानं तिसरा हिस्सा, ऑइल कूलर उचलतो. विमान जागेवर बांधलेलं असताना समोरून वारा येत नाही, आणि प्रोपेलरच्या मुळाशी हवेचा झोत क्षीण असतो. लाँग-ईझीसारख्या, मागे प्रोपेलर असलेल्या विमानात तर तोही मिळत नाही. म्हणून विमान वाऱ्याकडे तोंड करून, चाकांना अडण लावून, शेपूट भक्कम बांधून, अग्निशामक हाताशी ठेवून इंजिन थोडा थोडा वेळच चालवतात. त्याहीआधी कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, पाहायचं. साधा गेज फक्त सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो, त्यामुळे रोटरच्या तीन बाजूंपैकी एक कमजोर असली तरी ती लपून जाते. तिन्ही ठोके वेगळे दाखवणारा गेज लागतो. मग इग्निशन: प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात, लीडिंग (पुढचा) आणि ट्रेलिंग (मागचा). ट्रेलिंग बंद केला तर फेऱ्या थोड्या घटतात, लीडिंग बंद केला तर जास्त. या चाचणीत फरकच दिसला नाही, तर दोहोंतला एक आधीच मेलेला आहे असं समजायचं.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची (एफएए) हौशी विमानांच्या चाचणीची पुस्तिका १९८९ मध्ये निघाली. इंधनप्रवाहाबद्दल तिचा दंडक सरळ आहे: पूर्ण ताकदीला लागतं त्याच्या १२५ टक्के इंधन पंपानं पोचायला हवं; टाकीतून नुसतं उताराने येत असेल तर १५० टक्के. तेही विमानाचं नाक चढाईइतकं वर उचलून मोजायचं. सपाट जमिनीवरचा आकडा इथे फसवा असतो.

आपल्याकडे संरक्षण संशोधनातही हे इंजिन आलं. डीआरडीओची अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर) वाहन-संशोधन संस्था व्हीआरडीई आणि बंगळूरच्या विमान-संशोधन संस्था एनएएल आणि एडीई यांनी मिळून ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं वँकेल इंजिन तयार केलं. मार्च २००९ मध्ये ते कोलारहून आकाशात गेलं. तिथे चाचणीला तीन संस्था होत्या. घरच्या गॅरेजमधल्या १३बी ला तीच परीक्षा बांधणाऱ्यानं एकट्यानं घ्यायची असते.