मेंदूतील रक्तस्राव : सूक्ष्मवाहिनी कारणांचे प्रतिमानिदान

डोक्याला मार न लागता मेंदूत आपोआप होणारा रक्तस्राव बहुतेक वेळा अगदी बारीक धमनी फुटल्याने होतो. ती धमनी कोणत्या विकाराने दुबळी झाली होती, हे सीटी स्कॅन आणि एमआरआय यांच्या प्रतिमांवरून ओळखणे म्हणजे सूक्ष्मवाहिनी कारणांचे प्रतिमानिदान होय. प्रौढांमधील अशा रक्तस्रावांपैकी साधारण पाचांतील चारांमागे सूक्ष्मवाहिनी विकार असतो. उरलेल्यांत धमनीविस्फार, धमनी-शिरांचे जन्मजात गुंते, शिरांमधील गुठळी, अर्बुद, रक्त गोठण्यातील दोष अशी कारणे आढळतात. सूक्ष्मवाहिनी विकारांतही प्रमुख प्रकार दोन आहेत, आणि रक्तस्रावानंतरच्या वर्षांत त्यांची वाटचाल इतकी वेगळी असते की ‘बीपी वाढले आणि नस फुटली’ एवढ्यावर निदान थांबवणे रुग्णाच्या हिताचे नसते.

या निदानातील मूळ अडचण आकाराची आहे. फुटणाऱ्या धमन्यांचा व्यास साधारणपणे ०.१ ते ०.५ मिमी असतो. रुग्णालयांतील नेहमीच्या यंत्रांवर त्यांची भिंत दिसत नाही, आणि कॅथेटर घालून केलेली अँजिओग्राफी अशा रुग्णात बहुधा निर्दोष येते. म्हणून प्रतिमेत प्रत्यक्ष विकारग्रस्त वाहिनी दिसत नसून तिने आसपासच्या मेंदूत केलेली हानी दिसते : ताजे रक्त, जुन्या रक्तातील लोहाचे डाग, रक्तपुरवठा अपुरा पडल्याने पांढुरक्या झालेल्या जागा आणि रुंदावलेल्या पोकळ्या. या खुणा कोठे आहेत आणि कोठे नाहीत, यावरून विकाराचे अनुमान करावे लागते.

दोन विकार

पहिला विकार म्हणजे सूक्ष्मधमनीकाठिण्य. दीर्घकाळचा उच्च रक्तदाब, मधुमेह आणि वय यांमुळे मेंदूच्या तळाकडून आत खोलवर शिरणाऱ्या बारीक धमन्यांची भिंत जाड आणि ठिसूळ होत जाते, तिच्यातील स्नायूपेशी नष्ट होतात आणि त्या जागी मेद व तंतुमय पदार्थ साचतात. पॅरिसचे झां-मार्तं शार्को आणि शार्ल बुशार यांनी १८६८ मध्ये रक्तस्रावाने दगावलेल्यांच्या मेंदूंत या धमन्यांवर बाजरीच्या दाण्यांएवढे फुगवटे असल्याचे वर्णन केले. पुढे विसाव्या शतकात चेताविकारतज्ज्ञ सी. मिलर फिशर यांनी अशा मेंदूंचे शेकडो काप तपासून फुटलेल्या वाहिन्यांचा माग काढला. या विकारातील रक्तस्राव पुटामेन व थॅलॅमस (मेंदूच्या मध्यातील खोल भाग), पॉन्स (मस्तिष्कस्तंभाचा एक भाग) आणि लहान मेंदूचा खोल भाग अशा ठरावीक ठिकाणी होतो, कारण तेथील धमन्या मोठ्या वाहिन्यांतून थेट काटकोनात शाखा म्हणून निघतात आणि रक्ताचा पूर्ण दाब त्यांच्यावर येतो.

दुसरा विकार म्हणजे सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपॅथी. यात बीटा-अमायलॉइड नावाचे प्रथिन, विशेषतः त्याचा ४० अमिनो आम्लांचा प्रकार, मेंदूच्या आवरणातील आणि बाह्यकातील (मेंदूच्या बाहेरील थरातील) लहान धमन्यांच्या भिंतीत साचतो. अल्झायमर रोगात मेंदूच्या ऊतीत साचणारे प्रथिनही याच कुळातील असल्याने दोन्ही विकार अनेकदा एकाच व्यक्तीत आढळतात. अमायलॉइड अँजिओपॅथी वयाबरोबर वाढते. तिचा रक्तस्राव खोल भागांत न होता पृष्ठभागालगतच्या खंडांत, म्हणजे लोबर स्वरूपाचा, होतो. रक्तदाब नियमित तपासणाऱ्या आणि तो कायम आटोक्यात असणाऱ्या वृद्धालाही असा रक्तस्राव होऊ शकतो, ही गोष्ट घरच्यांना समजावून सांगणे आवश्यक असते, कारण काळजी घेण्यात आपण कमी पडलो अशी खंत त्यांच्या मनात राहते.

सीटी स्कॅन

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डन येथील अ‍ॅटकिन्सन मॉर्लीज हॉस्पिटलमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. त्यापूर्वी पक्षाघाताच्या रुग्णात रक्त साकळले आहे की सांडले आहे, हे जिवंतपणी खात्रीने सांगता येत नसे. ताजे रक्त सीटीवर पांढरे दिसते, तपासणी काही मिनिटांत होते आणि बेशुद्ध रुग्णातही करता येते. म्हणूनच तातडीच्या वेळी आजही पहिली तपासणी हीच असते. मात्र रक्ताचा पांढरेपणा दिवसागणिक ओसरतो, आणि काही आठवड्यांनंतर उरलेली पोकळी रक्तस्रावाची की रक्तपुरवठा थांबल्याची, हे सीटीवरून सांगता येत नाही.

रक्ताची जागा आणि तिचे आकारमान यांपलीकडे सीटीकडून फारसे काही कळत नाही, असा समज बराच काळ होता. २०१८ मध्ये एडिंबरा येथील संशोधकांनी लोबर रक्तस्रावाने मृत्यू पावलेल्यांची सीटी चित्रे शवविच्छेदनातील निष्कर्षांशी ताडून पाहिली, तेव्हा हा समज खोडला गेला. रक्ताच्या गोळ्यापासून बोटांसारखे निघालेले लांबट फाटे, मेंदूच्या पृष्ठभागावरील आवरणाखाली पसरलेले रक्त आणि एपीओई जनुकाचा ई४ प्रकार या तीन गोष्टींचा अमायलॉइड अँजिओपॅथीशी घनिष्ठ संबंध आढळला. जनुकतपासणी वगळून केवळ दोन दृश्य खुणांवर आधारलेले सुटसुटीत निकषही वापरले जातात. जेथे एमआरआय लगेच उपलब्ध नाही, किंवा पेसमेकरमुळे करता येत नाही, तेथे हे निकष विशेष उपयोगी पडतात. मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या लोकसंख्याधिष्ठित नोंदणीत प्रथमच झालेल्या झटक्यांपैकी सुमारे १८ टक्के रक्तस्रावाचे होते. इतक्या मोठ्या संख्येतील प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एमआरआय मिळणे कठीण असल्यामुळे, हाती असलेले सीटी चित्र बारकाईने वाचण्याचे महत्त्व आपल्याकडे अधिकच आहे.

एमआरआय आणि सूक्ष्मरक्तस्राव

सांडलेले रक्त मेंदूतील भक्षक पेशी हळूहळू साफ करतात, पण त्यातील लोह हीमोसिडेरिनच्या रूपात वर्षानुवर्षे तेथेच राहते. हे लोह आसपासचे चुंबकीय क्षेत्र विस्कळीत करते. त्यामुळे टी-टू-स्टार ग्रेडिएंट एको आणि त्याहून संवेदनशील असलेल्या एसडब्ल्यूआय या क्रमांत (एमआरआयच्या चित्रण-पद्धतींत) ती जागा गडद काळी आणि प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसते. या गुणधर्मामुळे कोणतेही लक्षण न देता होऊन गेलेले बारीक रक्तस्रावही टिपता येतात. साधारण २ ते १० मिमी आकाराच्या अशा गोल काळ्या ठिपक्यांना सूक्ष्मरक्तस्राव म्हणतात. मोठा रक्तस्राव ही एकच घटना असते, तर हे ठिपके त्यापूर्वीच्या अनेक वर्षांचा इतिहास दाखवतात. म्हणून कारण ठरवताना त्यांना कित्येकदा मोठ्या रक्तस्रावाइतकेच वजन द्यावे लागते.

ठिपके केवळ बेसल गँग्लिया (पुटामेनसह खोल भागातील केंद्रके), थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभात असतील तर सूक्ष्मधमनीकाठिण्याकडे निर्देश होतो. केवळ बाह्यकात आणि त्याच्या लगत असतील तर अमायलॉइड अँजिओपॅथीकडे. दोन्हीकडे मिश्र स्वरूपात असतील, तर दोन्ही विकार एकत्र आहेत असे पूर्वी मानत. तैवानमधील रुग्णांवर झालेल्या अमायलॉइड पीईटी (मेंदूतील अमायलॉइड दाखवणारे स्कॅन) अभ्यासात मात्र मिश्र गटातील अमायलॉइडचे प्रमाण कमी आढळले. त्यामुळे मिश्र ठिपके बहुतांशी तीव्र उच्च रक्तदाबाचेच द्योतक असतात, हे मत आता बळावले आहे. आशियात, जेथे उच्च रक्तदाबाचे खोल रक्तस्राव अधिक आढळतात, तेथे हा निष्कर्ष रोजच्या वाचनात उपयोगी ठरतो.

बाह्यकाच्या घड्यांवर रेघेसारखा पसरलेला लोहसंचय ही अमायलॉइड अँजिओपॅथीची आणखी एक खूण होय, आणि पुढील रक्तस्रावाचा इशारा देणारी ती सर्वांत प्रबळ खूण ठरली आहे. तीनपेक्षा अधिक घड्यांत पसरलेला लोहसंचय असणाऱ्यांत धोका विशेष वाढतो. अशा काही रुग्णांना हाताच्या बोटांपासून वर सरकत जाणाऱ्या मुंग्या किंवा बधिरपणाचे काही मिनिटांचे झटके येतात. हे झटके पक्षाघाताची पूर्वसूचना समजून अ‍ॅस्पिरिन सुरू केले जाते, तेव्हा रक्तस्रावाचा धोका असलेल्या व्यक्तीलाच रक्त पातळ करणारे औषध मिळते. रक्ताचा डाग पाहणारा क्रम एमआरआयमध्ये घेतला तर ही गफलत टळते. तो क्रम पाच-सहा मिनिटांचा असतो आणि वृद्धाच्या कोणत्याही मेंदू-तपासणीत तो वगळू नये.

रक्ताशी संबंध नसलेल्या खुणाही साक्ष देतात. टी-टू आणि फ्लेअर क्रमांत श्वेतद्रव्यात (बाह्यकाखालील मज्जातंतूंच्या भागात) पांढरे पट्टे किंवा ठिपके दिसतात. धमनीकाठिण्यात ते बेसल गँग्लियाभोवती गोळा झालेले आढळतात, तर अमायलॉइड अँजिओपॅथीत बाह्यकाखाली विखुरलेले असतात. रक्तवाहिनीभोवतीच्या रुंदावलेल्या पोकळ्या पहिल्या विकारात बेसल गँग्लियात, तर दुसऱ्यात वरच्या श्वेतद्रव्यात अधिक असतात. ३ ते १५ मिमीच्या जुन्या, द्रवाने भरलेल्या पोकळ्या, म्हणजे लॅक्यून, खोल भागात सापडल्या तर धमनीकाठिण्याची बाजू भक्कम होते. या सर्व खुणांच्या व्याख्या वेगवेगळ्या देशांत सारख्या राहाव्यात यासाठी २०१३ मध्ये ‘स्ट्राइव्ह’ नावाची प्रमाणित परिभाषा आली आणि २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली.

बॉस्टन निकष

अमायलॉइड अँजिओपॅथीचे खात्रीचे निदान ऊतीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीतूनच होते. ती मृत्यूनंतर, किंवा शस्त्रक्रियेत रक्ताची गुठळी काढताना ऊतीचा तुकडा मिळाला तरच शक्य असते. ही मर्यादा ओलांडण्यासाठी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील स्टीव्हन ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात निकष मांडले. २०१० मध्ये त्यांत बाह्यकावरील लोहसंचयाची भर पडली आणि २०२२ मध्ये दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या रुग्णात, केवळ पृष्ठभागालगत असलेल्या किमान दोन रक्तस्रावी खुणा सापडल्या, किंवा अशी एक खूण आणि श्वेतद्रव्यातील एक ठरावीक खूण सापडली, तर ‘संभवनीय’ अमायलॉइड अँजिओपॅथी असे निदान करता येते. श्वेतद्रव्यातील खुणा दोन मानल्या आहेत : एका गोलार्धात २० पेक्षा जास्त रुंदावलेल्या पोकळ्या, किंवा बाह्यकाखाली १० पेक्षा जास्त विखुरलेले पांढरे ठिपके. खोल भागातील एकही रक्तस्रावी खूण नसणे ही अट कायम आहे. लहान मेंदूतील खुणा कोणत्याच बाजूला धरल्या जात नाहीत. रुग्णालयात रक्तस्राव घेऊन आलेल्यांत हे निकष विश्वासार्ह आहेत, परंतु लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य वृद्धांत त्यांची संवेदनक्षमता बरीच कमी असते. म्हणून एखाद-दुसऱ्या ठिपक्यावरून निरोगी माणसाला रोगी ठरवण्यासाठी ते वापरणे योग्य नाही.

फसवी चिन्हे

एसडब्ल्यूआयवरील प्रत्येक काळा ठिपका सूक्ष्मरक्तस्राव नसतो. कॅल्शियमही काळे दिसते. भारतात फीतकृमीच्या अळ्यांमुळे होणारा न्यूरोसिस्टिसर्कोसिस हा आजार बराच आढळतो आणि त्याच्या कॅल्शियम साचून कठीण झालेल्या जुन्या गाठी बाह्यकालगतच असल्यामुळे अमायलॉइड अँजिओपॅथीचा भास होऊ शकतो. सीटीवर त्या गाठी स्पष्ट पांढऱ्या दिसतात, आणि एसडब्ल्यूआयच्या फेज चित्रातही लोह व कॅल्शियम यांचे संकेत परस्परविरुद्ध असतात; तेव्हा दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा. कॅव्हर्नोमा (बारीक रक्तवाहिन्यांची गाठ), आडव्या छेदात ठिपक्यासारख्या दिसणाऱ्या शिरा, जुन्या अपघातातील इजा आणि हृदयाच्या झडपेवरील जंतुसंसर्गातून उडालेले कण हीदेखील फसवणुकीची ठिकाणे होत.

तरुण रुग्णात तर सूक्ष्मवाहिनी विकार गृहीत धरणे धोक्याचेच. नेदरलँड्समध्ये १८ ते ७० वयोगटातील २९८ रुग्णांवर झालेल्या ‘डायग्रॅम’ अभ्यासात ६९ जणांत मोठ्या वाहिनीचा दोष सापडला. त्यात ४५ वर्षांवरील वय, उच्च रक्तदाब आणि खोल भागातील रक्तस्राव या तिन्ही गोष्टी एकत्र असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, कारण त्यांच्यात असा दोष क्वचित आढळतो. बाळंतपणानंतरच्या स्त्रीत लोबर रक्तस्राव दिसल्यास शिरांमधील गुठळी प्रथम शोधावी, कारण तिचा उपचार रक्त पातळ करणे हाच आहे आणि तो सूक्ष्मवाहिनी रक्तस्रावाच्या अगदी उलट दिशेचा आहे.

आनुवंशिक प्रकारांपैकी काडासिल हा सूक्ष्मवाहिनी विकार नॉच-३ जनुकाच्या दोषाने होतो आणि त्यात श्वेतद्रव्याची हानी कानशिलाच्या खंडाच्या पुढील टोकापर्यंत पसरते. नेदरलँड्सच्या कात्वाइक या किनारी गावातील काही कुटुंबांत अमायलॉइड अँजिओपॅथीचा आनुवंशिक प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बॉस्टन निकषांना पूरक असे बरेच ज्ञान या कुटुंबांच्या सहकार्यातून मिळाले.

निदानाचा उपयोग

अमायलॉइड अँजिओपॅथीमुळे रक्तस्राव झालेल्यांत तो पुन्हा होण्याचे वार्षिक प्रमाण ७.४ टक्के, तर इतरांत १.१ टक्का असल्याचे २०१७ च्या एकत्रित विश्लेषणात आढळले. रक्तदाब कमी ठेवणे दोन्ही विकारांत हिताचे आहे आणि उपचारांतील ते सर्वांत भक्कम पाऊल आहे. निर्णय बदलतो तो रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘रिस्टार्ट’ चाचणीत ५३७ रुग्णांमध्ये अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे पुन्हा सुरू केल्याने रक्तस्राव वाढल्याचे दिसले नाही, आणि सूक्ष्मरक्तस्राव असणाऱ्यांतही वेगळा परिणाम आढळला नाही. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अधिक प्रभावी औषधांबाबत मात्र सावधगिरी लागते : एडॉक्सॅबॅन या अशाच एका औषधाच्या ‘एनरिच-एएफ’ चाचणीत लोबर रक्तस्रावाच्या रुग्णांना घेणे २०२३ मध्ये थांबवावे लागले. अशा रुग्णात हृदयाच्या डाव्या कर्णिकेचा कोपरा उपकरणाने बंद करण्याचा पर्याय विचारात घेतला जातो.

अल्झायमर रोगातील अमायलॉइड काढून टाकणाऱ्या लेकानेमॅबसारख्या औषधांमुळे या वाचनाला नवे काम मिळाले आहे. ही औषधे भिंतीतील अमायलॉइडही हलवतात आणि त्यातून मेंदूला सूज व रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून चारपेक्षा जास्त सूक्ष्मरक्तस्राव किंवा बाह्यकावर लोहसंचय असणाऱ्यांना लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत घेतले नव्हते. औषध सुरू करण्यापूर्वी एकदा आणि पहिल्या काही महिन्यांत ठरावीक अंतराने पुन्हा एमआरआय करून ठिपके मोजले जातात. दर वेळी तोच क्रम आणि शक्यतो तेच यंत्र वापरणे आवश्यक असते, कारण अधिक शक्तीच्या चुंबकावर तोच मेंदू जास्त ठिपके दाखवतो.