मुदत नेमकी कशाची? धर्मगुरूंच्या अत्याचारांच्या जुन्या तक्रारींमागचा कायदा

कॅथलिक धर्मगुरूने लहानपणी केलेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार मोठेपणी करता येते का, असं सांगली-साताऱ्यात कुणी विचारलं तर उत्तर बहुधा एकाच वाक्यात मिळतं : पोक्सोला, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याला, मुदत नाही. हे वाक्य २०१८ च्या ऑक्टोबरात रुजलं. लहानपणीच्या अत्याचाराची तक्रार वयाच्या कोणत्याही टप्प्यावर करता येते, असं स्पष्टीकरण तेव्हा केंद्रातल्या दोन मंत्रालयांच्या पत्रव्यवहारातून बाहेर आलं. बातम्यांनी ते उचललं आणि पोलीस ठाण्यापर्यंत पोचेतो त्याच्या अटी गळून पडल्या. मुळात ते कायद्यातलं नवं कलम नव्हतं, असलेल्या कायद्याचा सरकारने लावलेला अर्थ होता. आणि २०१२ च्या आधीच्या घटनांना पोक्सो लागतच नाही.

म्हणून पहिली तपासायची गोष्ट म्हणजे घटनेची तारीख. पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ ला अमलात आला. गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा होता त्याचीच शिक्षा देता येते, हे संविधानाचं कलम २० सांगतं. १९९४ मधल्या घटनेला त्यामुळे जुनी भारतीय दंड संहिता लागते, आणि त्या संहितेने मुलगा आणि मुलगी यांना फार वेगळं वागवलं. मुलीवरच्या बलात्काराची व्याख्या २०१३ पर्यंत अगदी अरुंद होती. तिच्यात न बसणारं बरंचसं कृत्य 'विनयभंगा'त, म्हणजे कलम ३५४ मध्ये ढकललं जायचं. त्याची कमाल शिक्षा २ वर्षं. मुलग्यासाठी उरायचं कलम ३७७, तेही लिंगप्रवेश झाला असेल तरच. नुसत्या स्पर्शाच्या, चाळ्यांच्या घटनेत मुलग्याच्या बाजूने किरकोळ मारहाण-हल्ल्याच्या कलमांपलीकडे जवळजवळ काहीच नव्हतं. वसतिगृहातल्या मुलांच्या तक्रारी तेव्हा कागदावर का आल्या नाहीत, याचं अर्धं कारण इथेच सापडतं.

आता मुदत. हा शब्द एक असला तरी त्याच्यामागे चार वेगळी घड्याळं चालतात.

पहिलं घड्याळ फौजदारी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे १ वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने १ वर्षात घ्यायची, ३ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची ३ वर्षांत. त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नाही. म्हणजे ३७६ (बलात्कार) आणि ३७७ ची दारं ३० वर्षांनीही उघडी आहेत, पण ३५४ चं दार ३ वर्षांत बंद. आणि हे घड्याळ फिर्यादी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, आहे म्हणून थांबत नाही. नऊ वर्षांच्या मुलीचा १९९५ मध्ये विनयभंग झाला असेल, तर तिची मुदत ती बारा वर्षांची असतानाच संपली. कायदा करणाऱ्यांनी हे डोळसपणे केलं असेल असं वाटत नाही, पण झालं ते असं. वाट एकच उरते, कलम ४७३ खाली विलंबमाफीचा अर्ज. उशिराचं कारण पटलं किंवा न्यायासाठी आवश्यक वाटलं तर न्यायालय मुदत बाजूला ठेवू शकतं. नव्या संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, हीच रचना कलम ५१४ पासून पुढे जवळजवळ तशीच आली आहे. ३५४ ची शिक्षा २०१३ च्या दुरुस्तीने ५ वर्षांपर्यंत गेली, त्यामुळे त्यानंतरच्या घटनांना ही अडचण नाही.

पोक्सोच्या मोठ्या कलमांना मुदत नाही ती याच हिशोबाने, कारण त्यांची शिक्षा ३ वर्षांहून अधिक आहे. पण पोक्सोतल्या लैंगिक छळाची, म्हणजे अश्लील बोलणं, चित्रं दाखवणं वगैरेची, शिक्षा कमाल ३ वर्षं आहे. तिथे बचावाचा वकील ४६८ पुढे करणारच आणि २०१८ चं स्पष्टीकरण त्यापुढे टिकेल याची खात्री नाही. त्याहून बोचणारी गोष्ट लपवण्याच्या गुन्ह्याची. माहिती असूनही पोलिसांना न कळवणाऱ्याला पोक्सोच्या कलम २१ खाली ६ महिने, संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर १ वर्ष. दोन्हींची मुदत १ वर्षच. अत्याचार करणाऱ्यावर वीस वर्षांनी खटला चालू शकतो, पण त्याला गुपचूप दुसऱ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) बदलून पाठवणारा वरिष्ठ वर्षभरात सुटतो. न कळवणं हा रोज नव्याने घडणारा, चालू राहणारा गुन्हा आहे असा युक्तिवाद करता येतो आणि तो पहिल्याच अर्जात करावा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं म्हटलं आणि तिथल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरचा रद्द झालेला गुन्हा पुन्हा उभा केला. त्याचा आधार इथे घेता येईल.

दुसरं घड्याळ दिवाणी. नुकसानभरपाईच्या दाव्याला १९६३ च्या मुदत कायद्याने ३ वर्षं मिळतात. अज्ञानाला ती अठराव्या वर्षापासून मोजून मिळतात, म्हणजे एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. फौजदारी मुदतीसारखी विलंबमाफी दाव्याला नाही. त्यातून वेळेत आलेला दावासुद्धा 'चर्च'वर लावून चालत नाही, कारण त्या नावाची कायदेशीर व्यक्ती नसते. मिळकत आणि शाळा बहुधा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या वेगवेगळ्या ट्रस्टकडे असतात. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून त्या ट्रस्टचा परिशिष्ट एकचा उतारा आधी काढायचा. विश्वस्तांची नावं आणि बदलांच्या तारखा त्यात मिळतात.

तिसरं घड्याळ चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं. १९८३ च्या संहितेत ते ५ वर्षांचं होतं. २००१ मध्ये अठराव्या वर्षापासून १० वर्षं झालं, २०१० मध्ये २०. म्हणजे तक्रारदार ३८ वर्षांचा होईपर्यंत, आणि त्यानंतरही रोम प्रकरणागणिक मुदत उठवू शकतं. सातारा आणि सांगली दोन्ही पुणे धर्मप्रांतात येतात, तेव्हा लेखी तक्रार पुण्याच्या बिशपांकडे. धर्मगुरू एखाद्या धर्मसंघाचा असेल तर त्याच्या प्रांतिक वरिष्ठांनाही प्रत. २०१९ च्या नियमांनी तक्रारदारावर मौनाची अट घालायला बंदी केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात या प्रकरणांवरचं पोपचं गुप्ततेचं बंधन उठलं. या वाटेने धर्मगुरुपद जाऊ शकतं, तुरुंग नाही. मिरजेतल्या जुन्या मिशनचे पाळक प्रोटेस्टंट आहेत, त्यांना यातलं काहीच लागू होत नाही. सगळ्यांना सरसकट 'फादर' म्हटल्याने अर्ज चुकीच्या पत्त्यावर जातात.

कन्फेशनमध्ये, म्हणजे धर्मगुरूपुढच्या पापकबुलीत, सांगितलेली गोष्ट चर्चच्या नियमाने तक्रार ठरत नाही, धर्मगुरूला ती वापरताच येत नाही. भारतीय पुरावा कायद्याने मात्र पती-पत्नी आणि वकील-अशील यांच्या बोलण्याला दिलेलं संरक्षण धर्मगुरूला कधीच दिलं नाही, आणि पोक्सोच्या कलम १९ मध्येही त्याला सूट नाही. तक्रार करायची तर कन्फेशनच्या बाहेर, कागदावर, पोच घेऊन.

चौथं घड्याळ खरं तर मुदत नव्हेच, तो उशीर. मुदत नसलेल्या गुन्ह्यातही 'इतकी वर्षं गप्प का?' हा प्रश्न उलटतपासणीत येतोच. त्याचं उत्तर फिर्यादीतच हवं, नंतर सुचलेलं उत्तर पढवलेलं वाटतं. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. वसतिगृहाची हजेरी, फीच्या पावत्या, तेव्हाची पत्रं, गॅदरिंगचे फोटो यांतून धर्मगुरू त्या वर्षी तिथेच नेमणुकीला होता हे जुळवायचं. मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत, चर्चच्या चौकशी समितीलाही नाही.

अमेरिकेतल्या बातम्या वाचून आशा वाढते. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये मुदत संपलेल्या दिवाणी दाव्यांसाठी खिडकी उघडली आणि ती ऑगस्ट २०२१ पर्यंत चालली, कॅलिफोर्नियाने २०२० पासून ३ वर्षं. भारतात अशी खिडकी कुणी उघडलेली नाही.

गुन्हा पाचगणीत घडला आणि फिर्यादी सांगलीत राहत असेल तर सांगलीतच शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) नोंद होते आणि कागद तिकडे जातात. ठाणे अंमलदाराने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने, तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पोक्सोखालचा प्रवेशाचा (पेनिट्रेटिव्ह) गुन्हा असेल तर धर्मसंस्थेच्या कर्मचाऱ्याचं कलम ५(फ) लावून घ्यायचं. अत्याचार संस्थेबाहेर, घरी झाला असेल तर विश्वासाच्या स्थानाचं ५(प). २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमांत किमान २० वर्षं आहेत. जुन्या ३७७ च्या खटल्यात बंद दाराआडची सुनावणी आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. पीडितांना अर्थसाहाय्य देणारी राज्याची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ ची. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तिचा अर्ज नेला की तिथेही पहिला प्रश्न घटनेच्या तारखेचाच येतो. गुन्हा रद्द करून घ्यायला आरोपी उच्च न्यायालयात जातो, तेव्हा ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीच्या फिर्यादीला मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जावं लागतं.